टेपच्या शेवटची अकरा मिनिटं

अंकवाल्यांनी लेख मागितला तेव्हा "लग्नाच्या शूटिंगमधल्या गमती लिहा, वाचकांना मजा येईल" असं सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. नांदुऱ्याला स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता आणि आमच्या भागात व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेणाऱ्या पहिल्या चार-पाच जणांत मी होतो. तेव्हा गमती झाल्या नसत्या तरच नवल. दोन-तीन सांगतो, आणि मग मला जे सांगायचं आहे ते सांगतो. संपादकांना ते जड वाटलं तर त्यांनी खुशाल कात्री लावावी.

एका लग्नात ऐन मंगलाष्टकं सुरू असताना मुलीच्या काकांनी माझं कोपर धरलं आणि मला ओढत गोठ्यात नेलं. "पह्यले जोडी घ्या," म्हणाले. मी म्हटलं, काका, तिकडे हार पडून राह्यले. तर म्हणाले, "नवरदेव कुठं जाते? तो आता घरातलाच हाये. बैल मी सोमवारी इकून राह्यलो." मी बैल घेतले. हार राहिले. मग जेवणं झाल्यावर नवरानवरीला पुन्हा उभं करून पुन्हा हार घालायला लावले. भटजी माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

दुसरे एक गृहस्थ लग्नाला तीन सदरे घेऊन आले होते. कॅमेरा फिरला की आत जायचे, सदरा बदलायचे आणि पुन्हा पुढे येऊन बसायचे. त्यांना वाटे, प्रत्येक वेळी वेगळा माणूस दिसेल. तिसरे एक सासरे तर लग्नानंतर सहा महिन्यांनी कॅसेट घेऊन आले. थोरल्या जावयाशी बिनसलं होतं. "त्याले यातून काढून टाका." मी समजावलं, दादा, तो वाढपी होता, प्रत्येक पंगतीत आहे. त्यांनी जरा विचार केला. "मंग त्याच्या तोंडावर फूल लावा."

हसून झालं असेल तर आता धंद्याची थोडी माहिती देतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. तेव्हाचा कॅमेरा एकसंध नसायचा. एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्याला पट्ट्यानं लटकवलेला रेकॉर्डर, मधे जाड वायर. संध्याकाळी मान वळत नसे. त्या रेकॉर्डरमध्ये तीन तासांची व्हिडिओ कॅसेट बसायची. कॅसेटी महाग आणि अकोल्याशिवाय मिळायच्या नाहीत, म्हणून आम्ही एकच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायचो. आमच्या भाषेत त्याला पुसणं म्हणत. खरं तर पुसणं असं काही नसतंच. जुन्यावर नवं चढवायचं. जेवढं नवं चढेल तेवढंच जुनं जातं, आणि त्याच्या पुढचं जुनं तसंच राहतं. हे मला तेव्हा चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकलो नाही.

टीव्ही आमच्याकडे नुकता आला होता. कॉलेजच्या पोरांना गाण्याच्या कॅसेटींचं वेड लागलं होतं. प्रकाश नावाचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा हार्मोनियम वाजवायचा आणि स्वतः गाणी रचायचा. त्यानं ठरवलं की आपल्या कॉलेजची सहा गाण्यांची कॅसेट काढायची, चांगली छापील कार्डाची, दुकानात मिळते तशी. गाणार होती वंदना. तीही शेवटच्याच वर्षाला होती. जळगाव जामोदकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली मुलगी, नांदुऱ्याला मावशीकडे राहून शिकत होती. उंच, सावळी, बोलायला कमी. गायला लागली की मात्र माझ्या स्टुडिओसमोरचा पानवाला चुना लावायचा थांबायचा.

अकोल्याला एका लाउडस्पीकरवाल्याच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या बांधून, एका दिवसात सहाही गाणी रेकॉर्ड झाली. शंभर कॅसेटी निघाल्या. मग प्रश्न आला कार्डाचा. कॅसेटच्या डबीत घडी करून घालतात ते कार्ड. पुढं चित्र, कण्यावर म्हणजे डबीच्या कडेला नाव, आत गाण्यांची यादी. ते छापायचं बाजारातल्या प्रेसवर, पायानं चालवायच्या मशीनवर, दोन रंगांत. दोन रंग म्हणजे प्रत्येक कार्ड दोनदा मशीनखालून जाणार. चित्राचं काम माझ्याकडे होतं.

प्रकाशला पुढं वंदनाचा फोटो हवा होता. "चेहरा नसला तं कॅसेट कोन घेईन भाऊ?"

वंदना शांतपणे म्हणाली, "नाव टाका. पुरं टाका, माह्या बाबाच्या नावासगट. तोंड नका टाकू."

"काऊन पण?"

"बाबानं आवाजाले हो म्हटलं हाये. तोंडाले नाही."

मग तिनं मला सगळं सांगितलं. तिचे वडील नारायणराव गावातले बऱ्यापैकी शेती असलेले, गावच्या भजनात पुढं उभे राहणारे. पोरीला शिकवायला घरात सगळ्यांचा विरोध होता, तो मोडून त्यांनी तिला कॉलेजात घातली होती. अट एकच. बी.ए.ची परीक्षा दे, तोवर लग्नाचं नाव काढणार नाही. पण तुझ्याबद्दल कोणी एक शब्द बोललं तर दुसऱ्या दिवशी वळकटी बांधायची. बापलेकींनी हे एकमेकांना देवासमोर कबूल केलं होतं. तिच्या गावात तोवर एकही मुलगी बी.ए. झालेली नव्हती. "मले ते चार महिने पाह्यजे फक्त," ती म्हणाली. "मंग काही म्हना."

मी कार्डाचं काम मनापासून केलं. स्टुडिओत मागं पांढरी चादर लावली, चादरीच्या मागं दिवा ठेवला आणि तिला पाठमोरी उभी केली. चेहरा नाही, डोळे नाहीत. नुसती काळी आकृती, एक वेणी आणि किंचित वर केलेली मान. अकोल्याच्या ब्लॉकवाल्यानं छपाईसाठी त्याचा जस्ताचा ब्लॉक सुरेख काढला. खाली तांबड्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव. आयुष्यात मी हजारो फोटो काढले, पण चांगलं काम दाखवा असं कोणी म्हटलं तर आजही मी ते कार्ड दाखवीन.

नारायणराव स्वतः दहा कॅसेटी न्यायला आले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, पायाला रस्त्याची धूळ. स्टुडिओत टेकले. कार्ड डबीतून बाहेर काढलं, उघडलं, पुन्हा घडी केली. नावावरून अंगठा फिरवला.

"हे कोन उभं हाये?"

"वंदनाच आहे. पण ओळखू येत नाही."

त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं. "हाव. हे बेस केलं तुम्ही. असा मानूस पाह्यजे." आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला नंतर फार दिवस जाणवत राहिलं.

इथवर सगळं नीट होतं. मग प्रकाशच्या डोक्यात आलं की टीव्हीवर गाणी दिसतात तसं आपल्या गाण्याचं चित्र काढायचं आणि स्नेहसंमेलनात हॉलमध्ये दाखवायचं. कॅमेरा होता माझ्याकडे. मलाही खुमखुमी होती, नाही कशाला म्हणू? पंगती आणि हार घेऊन घेऊन मीही कंटाळलो होतो. वंदना आधी नको म्हणाली. दोन दिवसांनी स्वतःच स्टुडिओत आली.

"आपल्या कॉलेजात माह्या गावचं कोनीच नाही. एकडाव दाखवा अन् पुसून टाका. चालते."

"बाबांना विचारलंस?"

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मी गाताना कशी दिसते, मले एकडाव पाह्यचं हाये भाऊ."

माझी स्वतःची मुलगी त्या वेळी सात वर्षांची होती. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. उलट मी म्हणालो, एकदाच दाखवू, पक्की कॉपी तुझ्या हातात देऊ आणि मूळचं कच्चं शूटिंग मी पुसून टाकतो.

जागा निवडली लोणारची. खामगाव, मेहकर करत, बस बदलत तिथं जायचं, म्हणजे ओळखीचं कोणी भेटायची धास्ती नाही. मी, प्रकाश, वंदना आणि सोबत म्हणून तिच्या दोन मैत्रिणी. सरोवराच्या काठाचा उतार, खाली हिरवट पाणी, त्याचा तो उग्र वास. प्रकाशनं टेपरेकॉर्डर लावायचा, वंदनानं ओठ हलवत उतारावरून खाली यायचं, मागून प्रकाशनं यायचं. वर कड्यावर इतका वारा होता की माइकमध्ये नुसता घोंघाट येत होता. गाणं तर नंतर कॅसेटवरूनच चढवायचं होतं. मी माइकची पिन काढून खिशात टाकली.

चार वेळा तो उतार घेतला. पहिल्यांदा वंदना मध्येच हसली. दुसऱ्यांदा बॅटरी संपली. तिसऱ्यांदा खडीवरून तिचा पाय घसरला, प्रकाशनं हात धरला, ती सावरली आणि त्यानं हात सोडला. चौथ्यांदा बरोबर जमलं. दोघी मैत्रिणी सगळा वेळ माझ्या पाठीशी उभ्या होत्या, डबे आणि चपला सांभाळत. टेपमध्ये त्या कुठंच नाहीत.

आता ती कॅसेट. तिच्यावर आधी एका मुंजीचं दोन तासांचं शूटिंग होतं. मुंजवाल्यांनी दुसरी कॉपी मागितली तर असावं म्हणून ते मी ठेवलं होतं, आणि पुढच्या कोऱ्या तासात लोणार घेतलं, आधी पाच मिनिटं नुसतं पाणी आणि कडे, मग तो उतार.

चौथ्या वेळचं गाणं मी दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं, त्यावर आवाज चढवला. स्नेहसंमेलनात हॉल गच्च भरला होता. वंदना मागच्या ओळीत मुलींमध्ये बसून स्वतःला पाहत होती. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती का हसत होती, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पक्की कॉपी न्यायला आली. कॅसेट पिशवीत घातली आणि विचारलं, "कच्चं पुसलं का भाऊ?"

माझे दोन्ही हात फोटो धुवायच्या पाण्यात होते. मी म्हणालो, "पुसलं."

संध्याकाळी पुसू, असं मनात होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. मग लग्नसराईची तारीख आली, मग दुसरी आली, आणि ते काम माझ्या डोक्यातून गेलं ते गेलंच.

फाल्गुनात नांदुऱ्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मुलगा जळगाव जामोद तालुक्यातला. कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या, म्हणून मी मुंजीची कॅसेट उचलली. मुंजवाले आता काही मागत नाहीत, पुसली जाईल, एका कामात दोन कामं. लग्नाचं शूटिंग भरलं दोन तास पाच मिनिटं. एरवी मी कॉपी करून द्यायचो. पण मुलाकडच्यांना पाचव्या दिवशी सत्यनारायणाला कॅसेट हवी होती, तेव्हा त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवली आणि टीव्ही, व्हीसीआर घेऊन मी स्वतः गेलो. शेवटपर्यंत पाहून घ्यायला वेळ झाला नाही. त्या गावाच्या शेजारचंच गाव वंदनाचं होतं. नारायणराव मुलाच्या भावकीतले होते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसलेलं पाहून मी आनंदानं नमस्कारही केला.

दुपारची वेळ. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. खोलीत पन्नास-साठ माणसं, बाया, पोरं. कॅसेट सुरू करून दिली की माझं काम संपायचं. संपल्यावर ती आपोआप मागं फिरते. मला जेवायला बसवलं. मी दुसऱ्यांदा वरण घेतलं तेव्हा आतलं गाणं थांबलं. मला वाटलं, झालं. पण माणसं बाहेर येईनात. एवढी माणसं आत असून आवाज नाही, हे मला पानावर बसल्या बसल्या कळलं, आणि मी हात न धुता उठलो.

पडद्यावर लोणारचा उतार होता. वंदना खाली येत होती, मागं प्रकाश होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती हसली. चित्र तुटलं. ती पुन्हा वर होती, पुन्हा खाली येत होती, मागं तोच मुलगा.

कोणीतरी बाई अंधारातून म्हणाली, "हे तं नारायनरावची वंदी हाये वं."

मी माणसं ओलांडत पुढं गेलो, बटणाकडे हात नेला. नारायणरावांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या."

"नारायणराव, हे गाणं आहे. कॉलेजचं. तुमच्या घरी कॅसेट आहे ना, त्यातलंच..."

मागून एक म्हातारा म्हणाला, "गानं कुठी हाये? आम्हाले तं काही आयकू येत नाही."

"माइक काढला होता. वारा होता म्हणून." माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. "दोन मैत्रिणी होत्या बरोबर. त्या मागे उभ्या होत्या, माझ्याजवळ."

"दिसत नाही त्या," कोणीतरी म्हणालं.

नारायणरावांनी मनगट सोडलं नाही. "राहू द्या चालू. समद्यायनं पाह्यलंच हाये, आता पुरं पाहू द्या."

तिसऱ्या वेळेला पाय घसरला, हात धरला. खोलीत एक हुंकार उठला. चौथ्या वेळेला मी पडद्याकडे पाहिलं नाही. सगळं मिळून अकरा मिनिटं होतं. नंतर पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. तेव्हा त्यांनी हात सोडला आणि पागोटं नीट करून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेलो तर वळकटी आणि ट्रंक दोन्ही गेलेली होती. त्याच आठवड्यात प्रकाशला बसस्टँडवर दोन-तीन जणांनी गाठलं. उजवं मनगट मोडलं. त्यानं परीक्षा लेखनिक घेऊन दिली, हार्मोनियमवर मात्र तो हात पुन्हा कधी नीट चालला नाही. माझ्या स्टुडिओत तो एकदाच आला. "तुमी तिले पुसलं म्हनून सांगतलं होतं," एवढंच म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता गेला.

आठ दिवसांनी मी नारायणरावांकडे गेलो. शिव्या खायच्या, मार खायचा, अशी तयारी ठेवून गेलो होतो. त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. माइकची पिन, बॅटरी, मैत्रिणी, आणि मी बोललेलं खोटं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"मी मानतो," शेवटी ते म्हणाले. "माह्या पोरीवर माहा भरोसा हाये. तुमच्यावरही होता. पन त्या खोलीत साठ मानूस होतं. मी कोनाकोनाच्या घरी सांगत फिरू?"

"परीक्षेला महिना राहिला आहे. पेपर तेवढे देऊ द्या तिला. मी स्वतः नेतो-आणतो."

"आवाज मी देल्ला होता," ते म्हणाले. "तोंड नव्हतं देल्लं. तिनं जबान मोडली, तं मले माही पाळा लागन."

तेवढ्यात वंदना चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवला. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आणि ते जास्त वाईट होतं. "भाऊ, तुमी पुसलं म्हनले होते," ती हळूच म्हणाली आणि आत गेली. मी कप तसाच बाजूला सरकवला.

मी उठायला लागलो तर नारायणराव म्हणाले, "बसा. लगन ठरलं तिचं. चैतात हाये. शूटिंग तुमीच करा लागते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"ज्या ज्या मानसानं ते पाह्यलं, त्यानं त्यानं हे पाह्यलं पाह्यजे. हार पडताना, कन्यादान होताना, समदं." ते पहिल्यांदा माझ्याकडे नजर लावून बोलत होते. "अन् यात आवाज पाह्यजे. समदा आवाज. कोनी म्हनू नाही, आयकू येत नाही."

मी नाही म्हणू शकलो नाही. तुमच्यापैकी कोणी म्हणू शकलं असतं तर मला सांगा.

चैत्रातलं ऊन, मांडवात बसवत नव्हतं. मुलगा चिखलीकडचा, कपाशीच्या जिनिंगमध्ये कारकून. माणूस चांगला वाटला, घाबरलेला होता. मी माइक दोनदा तपासला. वंदना नवरी होऊन खोलीत बसली होती, बाया तिच्याभोवती. मी आत जाऊन कॅमेरा सुरू केला. अशा वेळी आम्ही नवरीला म्हणतो, इकडे पाहा, थोडं हसा. मला ते म्हणवलं नाही. तिनं स्वतःच मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"किती वाजले भाऊ?"

मी घड्याळ पाहिलं. "अकराला पाच कमी."

"पेपर वाटून राह्यले असतीन," ती म्हणाली. "मराठीचा हाये आज."

बाहेरून कोणीतरी नवरीला आणायला हाक मारली, आणि बायांनी तिला उठवलं.

हे सगळं टेपवर आलं होतं, स्वच्छ आवाजात. स्टुडिओत मशीनसमोर बसून मी ती जागा सात वेळा ऐकली. आवाज सगळा ठेवा, असं नारायणरावांनी बजावलं होतं. ही कॅसेट त्यांच्या गावात लागणार होती, मग चिखलीला सासरी लागणार होती, दिवाळीला पुन्हा लागणार होती. प्रत्येक वेळी ते वाक्य सासूसमोर, दिरांसमोर ऐकू येणार होतं. मी तेवढ्या जागेवर सनई चढवली. तिचं भलं व्हावं म्हणून चढवली, की ते वाक्य मलाच पुन्हा ऐकायचं नव्हतं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वाक्याची दुसरी प्रत कुठंही नाही.

कॅसेट घेऊन मी गावात गेलो. नारायणरावांनी शेजारच्या गावातही घरोघरी निरोप दिले होते. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, तीच माणसं, त्या दिवशीचा तो म्हाताराही भिंतीला टेकून बसलेला. या वेळी मी जेवायला गेलो नाही. व्हीसीआरजवळ खाली बसून राहिलो. हळद झाली, वरात झाली, बाया ओळखीचे चेहरे दिसले की नावं घेत होत्या. मग वंदना मान वर करून सरळ आमच्याकडे पाहायला लागली. ओठ हलले. सनई वाजत होती.

नारायणराव खुर्चीतून पुढं वाकले. "इथी काय बोल्ली ती?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वेळ विचारली," मी म्हणालो. "किती वाजले म्हणून विचारत होती."

ते पुन्हा खुर्चीत मागं टेकले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांनी मी तो तसा पाहत होतो. मागं वळून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयका. मुहूर्त टळून राह्यला म्हनून पोरगी टाइम इचारते."

सगळे हसले. मीही हसलो.